रिस्टोअर इंडेक्सपाशी येऊन मरतो. सर्व्हरच्या मेमरी सेटिंगचा घोळ असेल का?

कृष्णाकाठ, शनिवार रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेस १५ वर आहे, साधारण १४० जीबी. मुख्य मशीनला ६४ जीबी रॅम. रोज रात्री पीजी_डंप (डेटाबेसची बॅकअप प्रत, म्हणजे डंप, काढणारा प्रोग्राम) डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये चालतो आणि सकाळी तो बाहेरच्या डिस्कवर कॉपी होतो. चार वर्षं यात खंड नाही. पण आख्खा डेटाबेस परत उभा करून आजवर कधी बघितला नव्हता, एखाददुसरं टेबल तेवढं काढलं होतं.

मार्चअखेर तोंडावर आलीय. परवा अध्यक्षांनी विचारलं, "हे मशीन आज रात्री बसलं तर उद्या दहाला काउंटर उघडेल का?" मी हो म्हणालो, आणि त्या होच्या जिवावर आज सरावाला बसलो. जुनं १६ जीबीचं मशीन घेतलं, पोस्टग्रेस टाकलं, मुख्य मशीनची कॉन्फिग फाइल जशीच्या तशी आणून ठेवली. सर्व्हर सुरूच होईना. शेअर्ड_बफर्स (पोस्टग्रेस सुरू होतानाच धरून ठेवतो ती सामाईक मेमरी) १६ जीबी होतं, ते ४ केलं. मग सुरू झाला.

पीजी_रिस्टोअर, म्हणजे डंपमधून डेटाबेस परत भरणारा प्रोग्राम, आठ जॉब लावून (एकाच वेळी आठ कामं) सोडला. पहिला दीड तास झकास. टेबलं भरली. नंतर इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून केलेली सूची) बांधायला लागला आणि धाडकन "सर्व्हर क्लोज्ड द कनेक्शन अनएक्स्पेक्टेडली". लगेच परत जोडायला गेलो तर डेटाबेस रिकव्हरी मोडमध्ये. सगळं पुसून पुन्हा केलं. तिथेच मेला. तिसऱ्यांदाही तिथेच.

मनात एकच भीती आहे. डंपच खराब आहे का? चार वर्षं मी नुसत्याच फायली जमवत होतो का? कोणाला असा अनुभव असेल तर कृपया सांगा.

---

डोंगरवाट, शनिवार ११:३४

डंप खराब असता तर सर्व्हर मेला नसता, पीजी_रिस्टोअर कुरकुरला असता. सर्व्हरचा लॉग बघा. "टर्मिनेटेड बाय सिग्नल ९" (म्हणजे प्रोसेस बाहेरून जबरदस्तीने मारली) असं काही आहे का? असेल तर डीमेसेज (कर्नेलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे संदेश दाखवणारी कमांड) चालवून त्यात "आउट ऑफ मेमरी" शोधा. आणि फ्री या मेमरी दाखवणाऱ्या कमांडचा आउटपुट टाका, पण रिस्टोअर चालू नसतानाचा.

---

रातपाळी, शनिवार ११:४१

डंपची शंका आधी फेडून घ्या, म्हणजे झोप लागेल. पीजी_रिस्टोअरला डेटाबेस न देता आउटपुट फाइल म्हणून /देव/नल (/dev/null, जे टाकाल ते गिळून टाकणारी लिनक्सची फाइल) द्या. तो आख्खा डंप उघडून वाचतो आणि सगळं एसक्यूएल शून्यात ओततो. सर्व्हर लागत नाही, मेमरीही फारशी लागत नाही. एखादी फाइल तुटकी असेल तर तिथेच ओरडेल. शेवटपर्यंत गेला तर निदान वाचण्याजोगा तरी आहे हे पक्कं.

---

कृष्णाकाठ, रविवार रात्री १२:५०

रातपाळी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. डंप शेवटपर्यंत वाचला गेला, एकही तक्रार नाही. छातीवरचा धोंडा उतरला.

डोंगरवाट, तुमचा अंदाज खरा निघाला. लॉगमध्ये सिग्नल ९ आहे आणि त्याखाली "टर्मिनेटिंग एनी अदर ॲक्टिव्ह सर्व्हर प्रोसेसेस". डीमेसेजमध्ये "आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस", पुढे कंसात पोस्टग्रेस. तिन्ही वेळा. फ्री म्हणतो एकूण १६, स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) २. पोस्टग्रेस बंद असतानाही ४ च्या आसपास वापरात. त्या मशीनवर अहवाल काढणारा एक जावाचा सर्व्हर पूर्वीपासून चालू आहे, तो ३ जीबी धरून बसतो. मेंटेनन्स_वर्क_मेम २ जीबी, मुख्य मशीनवर आहे तेवढंच.

---

रातपाळी, रविवार ७:१५

आता चित्र स्वच्छ आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण इथे पुष्कळ जण नेमके अडकतात.

पीजी_रिस्टोअरचं काम तीन टप्प्यांत होतं. आधी रिकाम्या टेबलांचे सांगाडे, मग डेटा, मग इंडेक्स आणि कन्स्ट्रेंट (नोंदींवरचे नियम). डेटा भरताना कॉपी ही कमांड चालते, तिला मेमरी अगदी थोडी लागते. म्हणून दीड तास झकास गेला. इंडेक्स बांधायचा म्हणजे आख्ख्या कॉलमची क्रमवार मांडणी करायची, आणि त्यासाठी प्रत्येक जोडणी मेंटेनन्स_वर्क_मेम एवढी मेमरी घेऊ शकते. मूळ पोस्टग्रेसमध्ये हे ६४ एमबी असतं. तुमच्याकडे २ जीबी.

आठ जॉब म्हणजे आठ स्वतंत्र जोडण्या. आता हिशेब मांडा. १६ मधून शेअर्ड_बफर्सचे ४ गेले. जावाचे ३ गेले. बाकी सिस्टिमला १ धरा. हातात उरले ८. मागणी आठ गुणिले दोन, म्हणजे १६. कुठून येणार?

एक बारकावा आहे. २ जीबी ही मर्यादा आहे, आगाऊ राखीव जागा नव्हे. लहान टेबलाचा इंडेक्स ५० एमबीत उरकतो. म्हणून सुरुवातीचे बरेच इंडेक्स तुमच्याकडे बिनबोभाट झाले असणार. व्यवहारांची मोठी टेबलं एकदम हाताशी आली, चार-पाच जोडण्या एकाच वेळी २ जीबीपर्यंत फुगल्या, आणि लिनक्सने सगळ्यात लठ्ठ प्रोसेस निवडून मारली. तिन्ही वेळा तिथेच मेला तो म्हणूनच.

आणि एक जोडणी मेली तर सगळ्या का जातात? कारण सगळ्या जोडण्या एकाच सामाईक मेमरीत लिहितात. मधल्या मध्ये मारलेली प्रोसेस तिथे काय अर्धवट टाकून गेली याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून मुख्य प्रोसेस सगळ्यांना बाहेर काढून रिकव्हरी करते. ती तुमच्या डेटाची काळजी घेत होती.

---

चुलीजवळ, रविवार ८:०२

रातपाळीदादांचा हिशेब माझ्या भाषेत सांगू का? लग्नघरी आठ आचारी बोलावले, प्रत्येकाला सांगितलं, "लागेल तेव्हा दोन परातींएवढी जागा घे." कांदा चिरेपर्यंत सगळं सुरळीत. जिलबी, मसालेभात आणि पुऱ्या एकाच वेळी निघाल्या की ओट्यावर जागा नाही.

मी टेस्टिंगमध्ये आहे, डेटाबेस सांभाळत नाही. पण आमच्या टीमला हेच उदाहरण देऊन समजावलं आहे आणि ते लक्षात राहतं.

---

नवाकोरा, रविवार ८:३०

एवढा हिशेब कशाला? रॅम ३२ करा.

---

डोंगरवाट, रविवार ८:४४

नवाकोरा, असहमत. ३२ केली की कोणीतरी जॉब सोळा करतो आणि गाडी पुन्हा तिथेच. शिवाय यांचा सराव कशासाठी आहे ते बघा. मुख्य मशीन बसल्यावर जे हाताला लागेल त्यावर काउंटर उघडायचं आहे. त्या दिवशी रॅम विकत आणायला वेळ कुठला?

---

नवाकोरा, रविवार ८:५१

हे मान्य. पण मग स्वॅप वाढवायला काय हरकत? डिस्कवर जागा असतेच.

---

जुनागडी, रविवार ९:२०

स्वॅपचा उपाय मी केलेला आहे. १६ जीबी स्वॅप दिला, रिस्टोअर मेला नाही. पण फिरती डिस्क होती, इंडेक्स बांधता बांधता मशीन स्वॅपमध्ये गेलं आणि पहाटे पाचपर्यंत नुसता डिस्कचा दिवा लुकलुकत होता. क्रमवार मांडणी मेमरीत मावली नाही तर पोस्टग्रेस स्वतः तात्पुरत्या फायली करून डिस्कवर मांडणी करतो, आणि ते काम तो शहाणपणाने, सलग वाचन-लेखन करत करतो. स्वॅपमध्ये तेच काम कर्नेल आंधळेपणाने करतो. म्हणजे मर्यादा कमी ठेवून पोस्टग्रेसला डिस्क वापरू देणं हे स्वॅपपेक्षा कितीतरी बरं. थोडा स्वॅप असू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

मी म्हणेन लिनक्सचं व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी हे सेटिंग २ करा. मग कर्नेल ऐपतीपेक्षा जास्त मेमरी कबूलच करत नाही. ज्या जोडणीला मिळाली नाही तिला "आउट ऑफ मेमरी" अशी साधी एरर येते, बाकी सर्व्हर जिवंत राहतो.

---

रातपाळी, रविवार ९:४८

जुनागडी काका, मुख्य मशीनसाठी १०० टक्के सहमत. या सरावाच्या मशीनवर जपून. ओव्हरकमिट २ असताना कबुलीची मर्यादा म्हणजे स्वॅप अधिक रॅमचा ठरावीक टक्का, आणि तो टक्का मुळात ५० असतो. इथे २ अधिक ८, म्हणजे १० जीबी. त्यातून शेअर्ड_बफर्सचे ४ आणि जावाने कबूल करून घेतलेलं सगळं वजा करा. जावा वापरते त्याहून जास्त मागून ठेवते. उरतं किती? ओव्हरकमिट_रेशो वाढवल्याशिवाय हे केलं तर लॉगिन करायचेही वांधे होतील.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. साधी एरर आली तर पीजी_रिस्टोअर थांबत नाही. तो पुढच्या कामाला लागतो आणि शेवटी एक ओळ लिहितो, "एरर्स इग्नोअर्ड ऑन रिस्टोअर: ३". ती ओळ कोणी वाचली नाही तर डेटाबेस उभा राहिलेला दिसतो, सगळे खूश, आणि तीन इंडेक्स गायब. त्यातला एक प्रायमरी की असेल तर? पतसंस्थेच्या खात्यात एकच पावती दोनदा नोंदली जाऊ शकते, कोणी अडवणार नाही. म्हणून एक्झिट-ऑन-एरर हा पर्याय लावाच.

---

हळदबाजार, रविवार १०:३०

डोंगरवाट यांनी "जे हाताला लागेल" म्हटलं, त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाची पातळी दर तासाला बघत होतो. ४५ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे पडली होती. मी ज्यांचं काम बघायचो त्यांचं ऑफिस तळमजल्यावर. सर्व्हर उचलायला वेळ मिळाला नाही, बॅकअपची डिस्क तेवढी शिपायाने पिशवीत घालून वरच्या मजल्यावर नेली. पाणी ओसरल्यावर डिस्क चालू, सर्व्हरच्या पेटीत चिखल. गावात दुकानं बंद. मिळालं काय, तर एका कर्मचाऱ्याच्या मुलाचा ८ जीबीचा डेस्कटॉप.

मुख्य सर्व्हर ३२ जीबीचा होता. मीही कॉन्फिग जशीच्या तशी टाकली होती, कारण त्या दिवशी डोकं चालतच नव्हतं. पोस्टग्रेस सुरू होईना, "कॅनॉट ॲलोकेट मेमरी". मला वाटलं मशीनच खराब. दोन तास गेले. बाहेर लोक पासबुक वाळत घालून उभे होते, प्रत्येकाला आपले पैसे नोंदीत आहेत ना एवढंच विचारायचं होतं.

शेवटी कॉन्फिग काढून टाकली, पोस्टग्रेसची मूळ फाइल ठेवली. शेअर्ड_बफर्स १२८ एमबी, मेंटेनन्स_वर्क_मेम ६४ एमबी, जॉब एकच. हळू चाललं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली शिल्लक सांगता आली. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हापासून माझ्याकडे बॅकअपच्या डिस्कवर दोन कॉन्फिग असतात. एक मुख्य मशीनची, नोंद म्हणून. दुसरी ८ जीबीची, त्या डिस्कवरून आधी हीच उचलायची असं मराठीत मोठ्या अक्षरात लिहून. कृष्णाकाठ, तुम्ही आमच्याच पाण्याच्या बाजूचे दिसता. हे आजच करून ठेवा.

---

चुलीजवळ, रविवार १०:४१

काटा आला अंगावर. पिशवी नेणाऱ्या शिपायाला माझा नमस्कार सांगा.

---

पिंपळपान, रविवार ११:०५

विषयांतराबद्दल क्षमस्व. रिस्टोअरला मराठीत काय म्हणावं? "पुनर्भरण" कसं वाटतं?

---

डोंगरवाट, रविवार ११:१२

पुनर्भरण म्हटलं की आमच्याकडे विंधनविहीर आठवते. पावसाचं पाणी आत सोडणं.

---

पिंपळपान, रविवार ११:१५

मग "परतभरणी"? पेरणी, कापणी, मळणीच्या चालीवर.

---

हळदबाजार, रविवार ११:२२

परतभरणी आवडला. डिस्कवरच्या त्या चिठ्ठीत आजपासून हाच शब्द.

---

अटकेपार, रविवार दुपारी २:४०

रॉटरडॅमहून लिहितोय. आमच्याकडे सगळं डॉकरमध्ये, म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या बंद कप्प्यात (कंटेनरमध्ये). रिस्टोअर इंडेक्सपाशीच मेला, पण एरर निराळी होती. "कुड नॉट रिसाइज शेअर्ड मेमरी सेगमेंट", आणि शेवटी "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". आम्ही तीन जण दुपारभर डिस्क साफ करत बसलो. डिस्कवर ४०० जीबी रिकामी होती तरी!

ती जागा डिस्कवरची नव्हतीच. डॉकर प्रत्येक कंटेनरला /देव/एसएचएम साठी मुळात ६४ एमबी देतो. पोस्टग्रेस ११ पासून एक इंडेक्स अनेक कामगार मिळून बांधू शकतात आणि ते एकमेकांशी याच सामाईक जागेतून देवाणघेवाण करतात. ६४ एमबीत त्यांचं भागत नाही. कंटेनर सुरू करताना एसएचएम-साइज वाढवला की झालं. ते लगेच जमत नसेल तर मॅक्स_पॅरलल_मेंटेनन्स_वर्कर्स शून्य करा, एकेकटा इंडेक्स बांधेल.

आणखी एक. कंटेनर १३७ कोड देऊन बंद झाला तर तो १२८ अधिक ९, म्हणजे तोच सिग्नल ९. बऱ्याचदा मशीनवर भरपूर मेमरी असते, पण कंटेनरला घातलेली मर्यादा संपलेली असते. फ्री बघून काही कळत नाही, तो आख्ख्या मशीनचं सांगतो.

---

नवाकोरा, रविवार ३:०५

अटकेपार, म्हणजे रातपाळींच्या हिशेबात हे कामगारही गुणायला हवेत ना? आठ जॉब, प्रत्येकी दोन कामगार, गुणिले २ जीबी?

---

रातपाळी, रविवार ३:२०

नाही. चांगला प्रश्न आहे, कारण वर्क_मेमच्या (साध्या क्वेरींना मिळणाऱ्या मेमरीच्या) बाबतीत तुमचं बरोबर ठरलं असतं. वर्क_मेम प्रत्येक कामगाराला आणि क्वेरीतल्या प्रत्येक मांडणीला वेगळं मिळतं. मेंटेनन्स_वर्क_मेमची मर्यादा मात्र त्या आख्ख्या इंडेक्सच्या कामाला मिळून असते, कामगार कितीही असोत. त्यामुळे जॉबनेच गुणायचं. कामगारांमुळे प्रोसेसर आणि डिस्कवर ताण येतो तो वेगळा.

---

संत्राबर्फी, रविवार सायंकाळी ६:१०

नागपूरहून. आमच्या इथं "मेमरी" म्हणणारी पण मेमरीची नसलेली एरर आली होती, तेही लिहून ठेवतो, कुणाच्या कामी येईल.

"आउट ऑफ शेअर्ड मेमरी." हे वाचलं की माणूस शेअर्ड_बफर्स वाढवतो. आमच्या साहेबांनी वाढवलं, पुन्हा वाढवलं, काहीच फरक नाही. खाली हिंटमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, मॅक्स_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन वाढवा म्हणून. पण हिंट कोण वाचतं!

मीटरच्या रीडिंगचा डेटा होता, दर दिवसाचं एक पार्टिशन (मोठ्या टेबलाचा वेगळा तुकडा), कित्येक वर्षांचे. पुन्हा प्रत्येकाचे इंडेक्स. आणि आम्ही रिस्टोअर सिंगल-ट्रान्झॅक्शन लावून करत होतो, म्हणजे झालं तर सगळं, नाही तर काहीच नाही. मग तितक्या सगळ्या वस्तूंवरचे लॉक शेवटपर्यंत धरून ठेवावे लागतात. लॉकच्या तक्त्यात जागा किती? मॅक्स_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन मुळात ६४, त्याला मॅक्स_कनेक्शन्सने गुणायचं, ते मुळात १००. म्हणजे ६,४०० च्या आसपास. आमच्या वस्तू त्याच्या दुपटीहून जास्त. ६४ चे २५६ केले, सर्व्हर रीस्टार्ट केला, रिस्टोअर सुखरूप पार पडला. रीस्टार्ट लागतोच, नुसतं रीलोड करून भागत नाही.

एवढी टेबलं असली की पीजी_डंपलाही हीच अडचण येते. म्हणजे बॅकअपच निघत नाही.

---

मांडवीतीर, रविवार रात्री ८:०५

गोव्यातून. आम्ही मायएसक्यूएलवाले. एका ग्रंथालयाची सूची, पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे स्कॅन डेटाबेसमध्येच ठेवलेले. परतभरणी (शब्द उचलला हां, पिंपळपान) करताना "मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे". सर्व्हर कुठे गेला नव्हता, एका ओळीचा आकार त्याला पेलवला नव्हता. सेटिंगचं नाव मॅक्स_अलाउड_पॅकेट. ८.० मध्ये सर्व्हरला ते मुळात ६४ एमबी असतं, ५.७ मध्ये ४ एमबी होतं. आम्ही नव्या सर्व्हरवरून डंप काढून जुन्या ५.७ वर भरत होतो. सर्व्हरवर वाढवलं तरी एक मोठा नकाशा अडलाच, कारण मायएसक्यूएलच्या क्लायंटचं आपलं वेगळं मॅक्स_अलाउड_पॅकेट असतं, मुळात १६ एमबी. दोन्हीकडे वाढवायला लागतं. वरची हद्द १ जीबी.

कृष्णाकाठ, तुमच्याकडे सह्यांचे नमुने डेटाबेसमध्ये आहेत का? पोस्टग्रेसला ही अडचण नाही, सहज विचारलं.

---

तिसरामजला, रविवार ९:३०

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं लिहिते. तिथे इन-मेमरी टेबलं असतील (२०१४ च्या आवृत्तीपासून आहेत) तर रिस्टोअरचा नियमच वेगळा. साधा डेटाबेस डिस्कवर उभा राहिला की पुरे. इन-मेमरी टेबलांचा सगळा डेटा रॅममध्ये चढल्याशिवाय डेटाबेस ऑनलाइन येतच नाही. माझ्या टीमने चाचणीच्या व्हीएमवर मॅक्स सर्व्हर मेमरी ८ जीबी ठेवली होती आणि इन-मेमरी डेटा ६ जीबीचा होता. आठात सहा मावायला हवेत, नाही का? एरर ४१३७९, रिसोर्स पूलमध्ये (सर्व्हरने आखून दिलेल्या मेमरीच्या वाट्यात) मेमरी अपुरी.

कारण असं की ८ जीबीपर्यंतच्या सर्व्हरवर इन-मेमरी टेबलांना पूलमधली ७० टक्केच मेमरी मिळते. म्हणजे ५.६. सहा मावत नाहीत. मोठ्या सर्व्हरला हा टक्का वाढत जातो.

मॅक्स सर्व्हर मेमरी वाढवली आणि सुटलं. तेवढ्याने भागत नसेल तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी नोरिकव्हरी लावून (म्हणजे डेटाबेस ऑनलाइन न आणता) रिस्टोअर करा, मग डेटाबेस स्वतंत्र रिसोर्स पूलला बांधा, आणि त्यानंतर रिकव्हरी. आधी रिकव्हरी करायला गेलात तर डिफॉल्ट पूलमध्येच अडकाल.

---

जुनागडी, रविवार १०:१५

तिसरामजला ताई, हे मला ठाऊक नव्हतं. वाचनखूण साठवली.

कृष्णाकाठ कुठे आहेत? धागाकर्त्याचा पत्ता नाही.

---

कृष्णाकाठ, सोमवार रात्री १०:५५

आलो आलो. सोमवारी बाजारचा दिवस, काउंटरची गर्दी सातपर्यंत हटत नाही. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. हळदबाजार, तुमचा प्रतिसाद मी आमच्या व्यवस्थापकांना मोठ्याने वाचून दाखवला.

आज रात्रीसाठी असं ठरवलंय. जावाचा सर्व्हर बंद. शेअर्ड_बफर्स ४. जॉब आठाऐवजी चार. मेंटेनन्स_वर्क_मेम १ जीबी. म्हणजे चार अधिक चार, आठ. सिस्टिमला १ धरून ९. सात मोकळे. एक्झिट-ऑन-एरर लावतोय. बरोबर आहे ना?

---

रातपाळी, सोमवार ११:०८

बरोबर. फक्त हा १ जीबी कॉन्फिग फाइलमध्ये लिहू नका, पीजीऑप्शन्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून मेंटेनन्स_वर्क_मेम द्या. मग ते तेवढ्या रिस्टोअरच्या जोडण्यांनाच लागू होतं आणि ऑटोव्हॅक्यूमच्या (पोस्टग्रेसच्या आपोआप चालणाऱ्या साफसफाईच्या) वाट्याला १ जीबी जात नाही. ऑटोव्हॅक्यूम_वर्क_मेम वेगळं दिलं नसेल तर तो मेंटेनन्स_वर्क_मेमचाच आकडा उचलतो आणि त्याचे तीन कामगार असतात. म्हणून रिस्टोअर सोडण्याआधी त्या फाइलमधला २ जीबीचा आकडाही काढा, नाहीतर ऑटोव्हॅक्यूम तोच उचलेल आणि पुढच्या वेळी कोणीतरी पुन्हा त्यावर आदळेल.

मोकळे ७ वाया जात नाहीत. लिनक्स ते फायलींच्या कॅशसाठी वापरतो आणि रिस्टोअरला त्याचा फायदाच होतो.

---

कृष्णाकाठ, मंगळवार पहाटे ४:१०

झालं!!

३ तास २५ मिनिटं. एकही एरर नाही, एक्झिट कोड शून्य. मेमरीचा आकडा शेजारच्या खिडकीत लावून बसलो होतो, सगळ्यात वर गेला तेव्हाही ३ जीबी मोकळे होते. पाच मोठ्या टेबलांच्या ओळी मोजल्या, मुख्य मशीनच्या डंपवेळच्या आकड्यांशी जुळल्या. शनिवारच्या दिवसअखेरीची रोख शिल्लक काढली, पैसान् पैसा जुळली. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

---

चुलीजवळ, मंगळवार ६:५०

वा! सकाळी सकाळी छान बातमी. आता झोपा थोडं.

---

डोंगरवाट, मंगळवार ७:२०

अभिनंदन. काउंटरवाल्यांना हे मशीन देण्याआधी ॲनालाइझ चालवा. तुमच्या १५ व्या आवृत्तीचा डंप टेबलांचे सांख्यिकी अंदाज सोबत आणत नाही. ते नसले की साध्या क्वेरीही रखडतात आणि लोक म्हणतात मशीन लहान आहे म्हणून.

---

संत्राबर्फी, मंगळवार ९:३५

ओळी मोजल्या ते बरं केलं. पण इंडेक्स मोजले का? तुमचं सगळं रडगाणं इंडेक्सपाशीच होतं ना.

---

कृष्णाकाठ, मंगळवार दुपारी १:४५

डोंगरवाट, ॲनालाइझ केलं, फरक लगेच दिसला.

संत्राबर्फी, तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता मोजले, आणि पोटात गोळा आला. मुख्य मशीनवर ४१२, इथे ४११. एक कमी. एरर तर एकही नव्हती!

---

रातपाळी, मंगळवार २:०५

घाबरू नका. दोन्हीकडच्या नावांची यादी काढून ताडून बघा. आणि मुख्य मशीनवर पीजी_इंडेक्स या पोस्टग्रेसच्या नोंदवहीत इंडइजव्हॅलिड (इंडेक्स वैध आहे का) खोटं असलेला एखादा आहे का ते पाहा.

---

कृष्णाकाठ, मंगळवार २:३०

आहे. ठेवींच्या टेबलावर. गेल्या दिवाळीत काउंटर चालू असताना कॉन्करंटली लावून एक इंडेक्स बांधायला घेतला होता आणि वीज गेली होती. नंतर दुसऱ्या नावाने बांधला, पण पहिला अर्धवट तसाच पडून राहिला.

---

रातपाळी, मंगळवार २:४१

मग परतभरणी बरोबर आहे. अवैध इंडेक्स पीजी_डंप घेतच नाही. चूक मुख्य मशीनवर होती. तो अर्धवट इंडेक्स क्वेरीला कामाचा नाही, पण तशा इंडेक्समध्येही प्रत्येक नव्या नोंदीबरोबर लिहिणं चालूच राहू शकतं. म्हणजे दिवाळीपासून फुकटचा भार. काउंटर बंद झाल्यावर काढून टाका.

---

कृष्णाकाठ, मंगळवार रात्री ८:२०

साडेसातला काढला. आता दोन्हीकडे ४११. १६ जीबीची कॉन्फिग वेगळ्या फाइलमध्ये बॅकअपच्या डिस्कवर ठेवली, हळदबाजारांनी सांगितल्याप्रमाणे मोठ्या अक्षरात चिठ्ठीसकट. अध्यक्षांनी पुढची परतभरणी १५ जूनच्या आत करायला सांगितलीय, पाऊस लागायच्या आधी. त्या वेळी ८ जीबीच्या मशीनवर करून बघणार आहे. जॉब दोन आणि मेंटेनन्स_वर्क_मेम ५१२ एमबी धरलंय, शेअर्ड_बफर्स २ जीबी. काही चुकत असेल तर तोवर सांगा.